भरल्या जीपचं माप

शेडवस्ती, ता. औसा
३ जुलै १९९४

राघू,

पत्राला कारण जीप. माणसं बरी हायत, ते आधीच सांगून टाकतो.

स्टेरिंग बिघडलंय. म्हणजे मीच बिघडवून घेतलं म्हण. आमच्या पत्र्याच्या शेडांपासून डांबरी सडकंपर्यंत सगळी काळी माती, तू बगितलीच हाय. पाऊस पडला की जीपचं पोट चिखलाला टेकायचं आन् चाकं नुसती जागच्या जागी फिरायची. मंग औशाच्या मलप्पा मिस्तरीकडून जीप वीतभर उंच करून घेतली. स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे टाकले, एक जादा पाटा घातला, चाकं मोठी बसवली. आता चिखलातून अशी जाते की बैल बगत राहतेत.

पण सडकंवर आली की दारू प्यालेल्या माणसावानी चालते. मी सरळ धरतो, ती डावीकडं. वळून आल्यावर स्टेरिंग आपोआप माघारी येत न्हाई, वडून आणावं लागतं. खड्ड्यात चाक गेलं की हातातनं हिसका मारते. मलप्पा म्हणतो, सवय होईल. सवय मला व्हायची का जीपला, ते त्याला मालूम न्हाई.

तू पॉलिटेक्निकात पोरांना हेच शिकवतो. मला पण शिकव. भूकंपात घर गेलं, गोठा गेला, ही उघड्यावर उभी होती म्हणून हिला ओरखडा न्हाई. आता सगळं हिच्यावर हाय. सुकन्या बारावीला गेली. सकाळी लातूरला फिजिक्सचा क्लास, मंग कॉलेज, मंग गणिताचा क्लास, संध्याकाळी घरी. रोज मीच नेतो-आणतो. ती आन् तिच्या दोन-चार मैत्रिणी.

श्रद्धाला नमस्कार सांग.

श्रीमंत

*

नांदेड
११ जुलै

दाजी,

जीप आजारी पडली म्हणून का होईना, दाजींनी पत्र तर लिहिलं, असं श्रद्धा म्हणाली. मलाही तेच वाटलं होतं.

आता क्रमानं करा, मधलं काही सोडू नका. आधी चारही चाकांची हवा सारखी करा. मग इंजिन बंद ठेवून एकाला स्टेरिंग डावं-उजवं हलवायला बसवा आणि तुम्ही खाली झोपून टायरॉडची, म्हणजे पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याची, टोकं बघा. स्टेरिंग हलतंय आणि चाक गप्प आहे, असं जिथं दिसेल तिथलं टोक गेलेलं आहे, ते बदला. नंतर पुढचं एक एक चाक जॅकवर उचलून वरून-खालून हलवा. खडखड झाली तर चाक जिच्यावर वळतं ती किंगपिन ढिली आहे.

एवढं करूनही राहिलं, तर दुखणं मलप्पाच्या ठोकळ्यांत आहे. सायकल बघा. पुढच्या चाकाचा दांडा सरळ उभा नसतो, जरा मागं कललेला असतो. म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते आणि वळल्यावर हँडल आपोआप माघारी येतं. जीपच्या चाकालाही तसाच कल असतो. उंची वाढवताना मलप्पानं तो कल मारला. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्या मधे लोखंडाची पाचर घालून तो परत आणता येतो. मागच्या पानावर चित्र काढलंय, मलप्पाला दाखवा. पाचर किती जाड पाहिजे ते वजनावर आहे. तुम्ही दोन-चार मैत्रिणी लिहिलंय, मी सगळी मिळून पाच-सहा माणसं धरली. चुकत असेल तर कळवा.

दुसरी गोष्ट. इथं आता गल्लीगल्लीत क्लासचे बोर्ड लागलेत. लोह्याची, हिमायतनगरची पोरं खोल्या करून राहायला लागलीत. सुकन्याला रोज एवढा प्रवास कशाला? आमच्याकडं एक खोली रिकामी आहे, श्रद्धानं टेबलसुद्धा आणून ठेवलंय. ताई गेल्यापासून मी हे तिसऱ्यांदा म्हणतोय. तुम्ही दिवाळीला आलात, जेवलात, आणि झोपायला खाली जीपमधे गेलात. सगळ्या कॉलनीनं बघितलं. श्रद्धाला ते अजून लागतं. माझं काही चुकलं असेल तर तोंडावर बोला.

राघवेंद्र

*

शेडवस्ती
२६ जुलै

राघू,

एका टायरॉडचं टोक गेलेलं होतं, बदललं. किंगपिन घट्ट केली. मलप्पानं तुझं चित्र उलटसुलट बगितलं आन् म्हणाला, तुमच्या मेव्हण्याचा हात चांगला हाय, देवळात रंगवायला बोलवू. पण पाचरी घातल्या त्यानं. मंग एकटाच बसून औशाला चक्कर मारून आला. म्हणाला, लोण्यात सुरी. मी पण रिकामी फिरवून बगितली. खरंच चांगली चालली. वळल्यावर स्टेरिंग सुरसुर माघारी येत होतं.

दुसऱ्या दिवशी लातूरला निघालो. सडकंला लागून जरा वेग घेतला तर पुढची दोनी चाकं नाचायला लागली. आधी असं न्हवतं. आधी नुसती वडत होती, आता थरथरते. स्टेरिंग हातात धरवत न्हाई, दात वाजतेत. वेग पार कमी केला की मंग गप होते. मलप्पा म्हणतो, मी चालवतो तवा का न्हाई नाचत? तुझ्यातच काही हाय.

वजनाचं काय इचारतोस. पोरींचं वजन असून असून किती असतंय.

दिवाळीला गरम होत होतं म्हणून खाली झोपलो. त्याचं एवढं काय.

मी जीपचं इचारलं, तू पोरीचा विषय काढला. तिला आई न्हाई म्हणून तिला कुणी बी घेऊन जावं, असं न्हाई. मी हाय. जीपचं काही सुचलं तर लिही.

श्रीमंत

*

नांदेड
४ ऑगस्ट

दाजी,

दिवाळी थंडीत होती. श्रद्धानं तुम्हाला दोन पांघरुणं दिली होती.

असो. कुणी बी म्हणजे मी. मी तिच्या आईचा भाऊ आहे. पण तुम्ही म्हणाल तसं, जीपवर बोलू.

मला हे गणित सुटत नाही. एकच गाडी, एकच सडक. मलप्पा चालवतो तेव्हा ठीक, तुम्ही रिकामी चालवता तेव्हा ठीक, लातूरला निघालात की नाचते. मी वर्गात फळ्यावर आकृती काढून पोरांना विचारलं. एक म्हणाला, सर, त्या रस्त्यालाच काहीतरी झालंय. सगळे हसले, मी पण हसलो, आणि घरी येऊन नीट जेवलो नाही.

दोन गोष्टी तपासा. पाचर उलटी बसली नाही ना, चित्राशी ताडून बघा. आणि जमिनीपासून जीपची उंची मोजा, पुढच्या बंपरची वेगळी, मागच्या बंपरची वेगळी. गाडी निघायच्या वेळेला मोजा, जशी रोज निघते तशी. हे मला लवकर पाहिजे. नाचणारी चाकं घेऊन तुम्ही रोज जाताय, आणि तिच्यात सुकन्या बसलेली असते. मी मामा म्हणून नाही, मास्तर म्हणून सांगतोय.

राघवेंद्र

*

(पोस्टकार्ड)
१३ ऑगस्ट

पाचर सुलट हाय. पुढं मागं उंची सारखीच हाय, बोटभर इकडं तिकडं. पाऊस लई हाय. श्रीमंत.

*

लातूर
२२ ऑगस्ट

मामा,

हे मी क्लासच्या बाहेर पायरीवर बसून लिहितेय. अण्णांना माहीत नाही. तुमची पत्रं ते मला वाचायला देतात, त्यांची जाणारी पण मीच पेटीत टाकते. म्हणून मला कळलं की तुमचा हिशेब कुठं चुकतोय.

अण्णांनी कार्डावर लिहिलेली उंची खरी आहे, पण ती रविवारी उभ्या जीपची आहे. तुम्ही निघायच्या वेळेची मागितली होती. ती मी घेतली. सोमवारी सगळ्या बसल्यावर, माझी ओढणी पडली म्हणून उतरले आणि फूटपट्टीनं मोजलं. मागचा बंपर पुढच्यापेक्षा वीत-दीड वीत खाली होता. जीप आकाशाकडं बघत होती.

मामा, आम्ही दोन-चार नाही. आम्ही एकोणीस जणी आहोत. आत दाटीवाटीनं जेवढ्या मावतात तेवढ्या, बाकीच्या मागच्या पाटीवर उभ्या, शिडीला धरून. अण्णांच्या उजव्या बाजूला पण एक जण बसते. मग अण्णा अर्धे सीटवर आणि स्टेरिंगला तिरपे. दप्तरं सगळी टपावर. जून महिन्यात आम्ही सहाच होतो. मग शेजारच्या वस्तीतल्या आल्या, मग त्यांच्या मावसबहिणी. अण्णा कुणालाच नाही म्हणत नाहीत. दुसऱ्या गाड्या मिळतात, पण त्यांच्यात कुणी पोरगी पाठवत नाही. श्रीमंतची जीप म्हटलं की पाठवतात.

तुम्ही म्हणाल लातूरला वसतिगृह आहे, तिथं राहा. सरांनी पण हेच सांगितलं. पण आमच्याकडं एकच गोष्ट ठरलेली आहे. पोर दिवसभर कुठंही असो, झोपायला पत्र्याखाली पाहिजे, स्लॅबखाली नाही. पत्रा पडला तर खोक पडते, माणूस मरत नाही. हे कुणी बसून ठरवलं नाही, तरी प्रत्येक शेडात तेच आहे. म्हणून एवढा आटापिटा. म्हणून जीप उंच केली. म्हणून रोज जाऊन रोज यायचं.

आणि मामा, दिवाळीला अण्णांना गरम होत नव्हतं. ते तुमच्यावर रागावलेले पण नव्हते. तुमची बिल्डिंग तीन मजल्यांची आहे. तुम्ही जेवायला वाढत होता तेव्हा ते वर छताकडं बघत होते, मी बघितलं. मला घेऊन खाली आले, मला मागच्या सीटवर झोपवलं आणि सकाळपर्यंत बसून राहिले. भूकंपाच्या रात्री आईच्या खोलीला आतून कडी होती, ती वेळेवर निघाली नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. आमच्या शेडाला अण्णांनी कडीच बसवलेली नाही, दोरी पण नाही.

मला क्लास सोडायचा नाही. मला मेडिकलला जायचंय. पण हल्ली पुलाजवळचं वळण आलं की आम्ही सगळ्या बोलायच्या थांबतो. अण्णांना वाटतं आम्ही अभ्यासाचं आठवतोय.

मी सांगितलं असं कळू देऊ नका. जीपचं म्हणूनच काहीतरी लिहा.

तुमची सुकन्या

*

(पाठवलं नाही)
२६ ऑगस्ट

दाजी, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. मी इथं रिकाम्या जीपचा हिशेब करत बसलो आणि तुम्ही तिच्यात अख्खा वर्ग भरलात. माझ्या बहिणीची एकच पोरगी

*

नांदेड
२७ ऑगस्ट

दाजी,

आज वेगळ्या पद्धतीनं विचार केला. तुमचं मोजमाप बाजूला ठेवलं आणि स्वतःला विचारलं, अशी लक्षणं कुठल्या गाडीत दिसतात? उत्तर मिळालं. जिच्या मागं फार वजन आहे तिच्यात.

मागं वजन वाढलं की मागचे पाटे बसतात आणि नाक वर जातं. नाक वर गेलं की पुढच्या चाकांचा कल आणखी मागं जातो. त्यात माझी पाचर. म्हणजे रिकाम्या जीपला जेवढा कल पाहिजे तेवढा मी दिला, आणि भरल्या जीपमधे तो दुप्पट झाला. तेव्हापासून चाकं नाचायला लागली. मलप्पाची चूक नाही, तुमच्या हाताचीही नाही. पाचर मी सांगितली, आणि ज्या जीपसाठी सांगितली ती जीप तुमच्याकडं नाहीच.

पण नाचणं हे लहान दुखणं आहे. मोठं दुसरंच आहे. नाक वर गेल्यावर पुढची चाकं जमिनीला नुसती टेकतात, जमीन धरत नाहीत. एखाद्या वळणावर तुम्ही स्टेरिंग फिरवाल, चाकं वळतील, आणि जीप वळणार नाही. ह्याला टायरॉड नाही, किंगपिन नाही, पाचर नाही. कुठल्याच दुकानात ह्याचा पार्ट मिळत नाही. उतरवणं, एवढं एकच आहे.

किती जणी आहेत ते मी विचारत नाही. निम्म्या करा. दोन खेपा करा, नाहीतर काही जणींची लातूरला सोय करा. तोपर्यंत गाडी काढू नका.

सुकन्याला नांदेडला पाठवा असं ह्या पत्रात मी म्हणत नाहीये, हे नीट वाचा.

राघू

*

नांदेड
१२ सप्टेंबर

दाजी, पत्र मिळालं का? एक कार्ड तरी टाका.

*

नांदेड
२२ सप्टेंबर

दाजी,

तुमच्या बाजूच्या पोस्टात फोन लावला, लागला नाही. लातूरच्या एका मित्राला क्लासवर पाठवलं. तो म्हणाला, शेडवस्तीच्या पोरी आठवडाभर आल्या नाहीत, एकही नाही. पुढं कुणाला काही सांगता येईना. मी बुधवारी निघतोय. त्याआधी काही कळवता आलं तर

राघू

*

शेडवस्ती
२४ सप्टेंबर

राघू,

तू येऊ नको, आम्हीच येतो. का, ते सांगतो. सगळे जिवंत हायत.

तुझं मोठं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. वाचलं आन् खिशात ठेवलं. दोन खेपा करायच्या तर पहिल्या खेपेला पोरींना अंधारात उठवावं लागंल, आन् दुसऱ्या खेपेचा क्लास बुडंल. कुणाला पहिल्या खेपेत घालू, कुणाला दुसऱ्या? तुझं पत्र खरं हाय हे मला कळत होतं. तरी रोज जीप काढत होतो. हळू चालवून राहिलो होतो, तेवढंच.

मागच्या आठवड्यात, गुरुवारी, पुलाच्या अलीकडच्या वळणावर मी स्टेरिंग फिरवलं. ते फिरलं. जीप न्हाई फिरली.

सडक सोडून सरळ उसात शिरली. पुलावर न्हाई गेली, पुलाच्या अलीकडंच शिरली, म्हणून हे पत्र लिहून राहिलो. शरणप्पाची पोरगी पाटीवरनं पडली, तिचा हात मोडला. बाकीच्यांना खरचटलं. राघू, एक पोरगी वरडली न्हाई. एकोणीस जणी आन् आवाज न्हाई. हलायला लागलं की गप राहून अंग चोरायचं, हे त्यांना आता कुणी शिकवायला नको. ते मला लई लागलं. आरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एक एक करून उतरल्या. जशा उतरल्या तशी जीपची मान खाली आली. मी समोर उसात उभा राहून बगत होतो. तुझं पत्र खिशात होतं.

त्या दिवशी शरणप्पाच्या पोरीला प्लास्टर घालून आणलं आन् संध्याकाळी सगळ्या आईबापांना शेडासमोर बसवलं. म्हणलं, निम्म्याच नेणार, बाकीच्या लातूरला वसतिगृहात राहतील, सरांशी मी बोलतो. गंगम्मा मावशी म्हणली, स्लॅबचं हाय का ते? मी म्हणलं, हाय. ती उठून आत गेली. मंग शरणप्पा बोलला. मला वाटलं पोरीच्या हातावरनं शिव्या देईल. त्यानं हळूच इचारलं, “श्रीमंत, तुझी कुठं झोपणार?”

मी शेडाकडं बगितलं. सगळे उठून गेले. तवापासून पोरी घरीच हायत. दोघींना बगायला पाव्हणे येऊन गेले. सुकन्या माझ्याशी नीट बोलत न्हाई, पुस्तक घेऊन जीपमधी बसून राहते. जीप जाग्यावर हाय. ठोकळे काढले, पाचरी काढल्या, जुन्या उंचीवर आणली. मलप्पानं मजुरी घेतली न्हाई. म्हणाला, ह्यात माझा बी हात हाय.

तुला ह्यातलं आधीच मालूम होतं, हे सुकन्यानं मला काल सांगितलं. तिचं नाव न घेता लिहिलंस, बरं केलंस. घेतलं असतंस तर मी तिच्यावर भडकलो असतो आन् पत्र फाडलं असतं. दिवाळीचं पण तिनं तुला लिहिलं म्हणे. मंग त्यावर मी काही लिहीत न्हाई.

मला स्लॅबची भीती वाटते. जीपची कधी वाटली न्हाई. जीपनं मला काही केलं न्हवतं ना. म्हणून तिच्यात मी एकोणीस पोरी भरल्या आन् मला वाटत होतं, मी त्यांना वाचवून राहिलो.

शरणप्पाला उत्तर द्यायचं तर माझी पोर आधी स्लॅबखाली झोपली पाहिजे. ते मला शेडात बसून जमंल का, सांगता येत न्हाई. म्हणून शनिवारी आम्ही दोघं तुझ्याकडं येतो, एसटीनं. तुझ्या घरात झोपून बगतो. खाली न्हाई, वर, आत. मला झोप लागायची न्हाई, पण ती झोपंल आन् मी तिच्याजवळ बसंल. सकाळपर्यंत मी उठून तिला खाली आणलं न्हाई, तर सोमवारी तिची वळकटी लातूरच्या वसतिगृहात जाईल. मंग शरणप्पाकडं जातो, मंग गंगम्माकडं. आणलं खाली, तर आणलं. तर तू आन् श्रद्धा कुणी काही बोलू नका.

जेवायला साधंच करा. तिचं अंथरूण भिंतीपासून लांब घाल. आन् दार नुसतं लोटून घे, कडी लावू नको.

श्रीमंत

*

(पोस्टकार्ड)
नांदेड
२७ सप्टेंबर

दाजी,

तुमचं पत्र एक दिवस उशिरा आलं असतं तर उद्या मी तुमच्या दारात असतो. ते आज सकाळी मिळालं, म्हणून थांबलो.

तिचं टेबल खिडकीकडं सरकवून मधे जागा केली. श्रद्धा आणि मी पण तिथंच खाली अंथरूण घालू, चौघं एका ओळीत.

कडी काढून टाकली. दारावर चार भोकं राहिलीत, ती बुजवत नाही.

या.

राघू